सोडायचं की पुन्हा ताटात घ्यायचं

मराठीत भरपूर खाण्याला शब्दांची वाण नाही. आपण ताव मारतो, आडवा हात मारतो, हादडतो, चापतो, फडशा पाडतो. या सगळ्या शब्दांना पंगतीचा वास आहे. खाणारा खुशीत असतो, वाढणारा आग्रह करत असतो आणि बघणाऱ्यांना कौतुक वाटत असतं. दुसऱ्या बाजूला खादाड, अधाशी, हावरट हे शब्द आहेत. ते माणसाच्या स्वभावावरच शिक्का मारतात. ‘भस्म्या झालाय’ असंही म्हणतात, पण भस्म्या हा न शमणाऱ्या भुकेचा रोग. या पुस्तकाचा विषय असलेल्या खाण्याला यातला एकही शब्द नीट लागू पडत नाही. हे खाणं एकट्याने होतं, घाईघाईने होतं, बहुधा घरातले झोपल्यावर होतं. भूक असतेच असं नाही. पहिल्या चार-सहा घासांनंतर चवही कळत नाही. थांबायचं असतं आणि हात थांबत नाही. डबा रिकामा झाला की तो धुऊन, पुसून जागेवर ठेवला जातो आणि सकाळी कोणी विचारलं तर काहीतरी सांगून वेळ मारून नेली जाते.

इंग्रजीत याला बिंज ईटिंग म्हणतात. हल्ली मराठी तरुण मुलं वेब सिरीजसुद्धा ‘बिंज’ करतात, त्यामुळे त्या शब्दातली वेदना पार पुसली गेली आहे. ‘खा-खा सुटणं’ हा आपला वाक्प्रचार त्या अनुभवाच्या जास्त जवळ जातो, कारण त्यात ‘सुटणं’ आहे: काहीतरी हातातून सुटलं आहे ही कबुली त्या क्रियापदातच आहे. म्हणून मी या प्रस्तावनेत ‘खा-खा’ हाच शब्द वापरणार आहे. जिथे निदानाबद्दल बोलायचं असेल तिथे बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणेन.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली स्थूल रुग्णांच्या खाण्याच्या तऱ्हांवर एक लेख लिहिला आणि त्यात या खाण्याचं वर्णन केलं. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७९ मध्ये, लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी बुलिमिया नर्व्होसाची ओळख करून दिली. त्यात खा-खा होतीच, पण तिच्या मागोमाग उलटी काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणंही होतं. नुसत्या खा-खाला मात्र बराच काळ स्वतःचं घर मिळालं नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९९४ साली ती परिशिष्टात होती, ‘अजून अभ्यास हवा’ अशा यादीत. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला. तीन महिने, आठवड्यातून सरासरी एकदा तरी असा प्रसंग येत असेल, तेवढ्या वेळात इतर माणसं खातील त्याहून उघडच जास्त खाल्लं जात असेल, खाताना ताबा सुटल्याची जाणीव असेल आणि त्याचा मनाला ठळक त्रास होत असेल, तर हे निदान करतात. या निकषांत वजनाचा उल्लेख नाही, हे नव्या वाचकाने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावं. सडपातळ माणसालाही हा आजार असतो आणि वजन जास्त असलेल्या बहुसंख्य माणसांना तो नसतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्या स्त्रियांचं प्रमाण ३.५ टक्के आणि पुरुषांचं २ टक्के आढळलं. म्हणजे हा ‘बायकांचा आजार’ नाही, तसा दुर्मीळही नाही.

आजाराला नाव मिळालं, पण त्याचं काय करायचं याबद्दल दोन घराणी आहेत आणि त्यांच्यातला वाद हाच या अभ्यासक्षेत्रात शिरण्याचा सगळ्यात चांगला दरवाजा आहे, असं मला वाटतं. एक घराणं म्हणतं की हे व्यसन आहे, दारूसारखंच. दुसरं म्हणतं की ही विचार आणि सवयींची साखळी आहे आणि ती साखळी बहुतेक वेळा आपणच घातलेल्या बंधनांनी घट्ट होते. वरवर पाहता हे मतभेद पुस्तकी वाटतात. पण कपाटात बिस्किटांचा पुडा आहे आणि काल रात्री त्यावरून घसरण झाली आहे, अशा माणसाने उद्या सकाळी त्या पुड्याचं काय करायचं, इथे ही दोन घराणी एकमेकांच्या थेट उलट सल्ला देतात. पहिलं म्हणतं, तो पुडा घराबाहेर काढ आणि पुन्हा शिवू नकोस. दुसरं म्हणतं, काही आठवड्यांनी, मन शांत असेल अशा दिवशी, दुपारच्या चहाबरोबर त्यातली दोन बिस्किटं ताटलीत काढून बसून खा. एकाच माणसाला हे दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येणार नाहीत.

पहिल्या घराण्याची गोष्ट दारूपासून सुरू होते. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन इथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणं, पहिला प्यालाच न घेणं, दिवस एकेक करून काढणं आणि आपल्यासारख्याच माणसांच्या संगतीत राहणं ही त्याची रीत. पुढे लॉस एंजेलिसमधली रोझॅन नावाची एक स्त्री जुगाऱ्यांच्या अशाच एका सभेला गेली. तिथे लोक पत्त्यांबद्दल आणि पैशांबद्दल बोलत होते, आणि तिला त्यात स्वतःचं खाणं ऐकू आलं: तीच लपवाछपवी, तीच उद्यापासून सोडण्याची शपथ. १९६० च्या जानेवारीत तिने आणखी दोघींबरोबर ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस सुरू केलं. आज जगभर त्याच्या सभा होतात, त्याला फी नाही, नाव सांगावं लागत नाही, आणि जुना सभासद नव्याला आधार देतो. संघटनेने सगळ्यांवर एकच आहार लादलेला नाही. ‘संयम’ म्हणजे काय हे प्रत्येकजण आपापल्या मार्गदर्शक सभासदाशी बोलून ठरवतो. पण अनेकजण साखर आणि मैदा कायमचे सोडतात. त्यातून निघालेल्या काही कडक गटांमध्ये तर साखर आणि पीठ पूर्ण वर्ज्य असतं आणि उरलेलं अन्न काट्यावर तोलून खायचं असतं.

‘अन्नाचं व्यसन’ हा शब्दप्रयोग वैद्यकीय नियतकालिकात त्याआधीच, १९५६ मध्ये, थेरॉन रँडॉल्फ या अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने आणला होता. त्याच्या संशयितांच्या यादीत मका, गहू, कॉफी, दूध, अंडी आणि बटाटे होते. आजच्या याद्यांमध्ये साखर, मैदा, चिप्स, चॉकलेट असतात. मला हा बदल फार बोलका वाटतो. दारूत दारूच असते, तंबाखूत निकोटिन असतं. त्यांच्या बाबतीत संशयित बदलत नाही. अन्नाच्या बाबतीत मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातले चेहरे दर पिढीला बदलत आले आहेत, आणि व्यसन नेमकं कशाचं या प्रश्नाला अजून सर्वमान्य उत्तर मिळालेलं नाही.

दुसऱ्या घराण्याचं मूळ फिलाडेल्फियात आरन बेक यांनी नैराश्यासाठी उभारलेल्या उपचारपद्धतीत आहे, पण खाण्यापुरतं बोलायचं तर त्याचे कर्ते ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न. १९८१ मध्ये त्यांनी बुलिमियासाठी बोधात्मक वर्तनोपचार मांडला. १९९५ मध्ये खा-खाने त्रस्त माणसाला स्वतःच्या हाती धरता येईल असं एक पुस्तक लिहिलं, २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. ज्या माणसाने आपली सगळी किंमत आपल्या वजनावर आणि अंगकाठीवर टांगली आहे, तो खाण्याचे कडक नियम करतो. भात बंद, गोड बंद, संध्याकाळी सातनंतर काही नाही. नियम जितका कडक तितका तो लवकर मोडतो. एक लाडू खाल्ला जातो. मग मन म्हणतं, गेलाच आजचा दिवस, आता उद्यापासून. त्या ‘उद्यापासून’च्या आड सगळा डबा संपतो. मग शरम, आणि शरमेवर उतारा म्हणून आणखी कडक नियम. त्यात घरातलं भांडण, एकटेपणा, कंटाळा यांची भर पडली की चाक जोरात फिरतं.

उपचार या चाकाला एकेका जागी अडवतो. आधी वही: काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून, त्या वेळी मनात काय चाललं होतं, आणि ते खाणं हातातून सुटलेलं वाटलं का. मग नियमित खाणं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडंसं, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा फारसं जास्त अंतर नाही. या टप्प्यावर काय खाता याची विचारपूस जवळजवळ नसते. कधी खाता एवढंच पाहिलं जातं. रोज वजनकाट्यावर चढणाऱ्याने आठवड्यातून एकदाच चढायचं. आणि पुढे, स्थैर्य आल्यावर, ‘हे मला चालत नाही’ अशा पदार्थांची यादी करायची, सोप्यापासून अवघडापर्यंत लावायची आणि एकेक पदार्थ ठरवून, बसून, ताटात घ्यायचा. हेतू असा की श्रीखंड हे श्रीखंडच राहावं, परीक्षा होऊ नये.

आपल्याकडच्या म्हणीने हे फार पूर्वी हेरून ठेवलं आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आपण हसत म्हणतो, पण त्यात एक निरीक्षण आहे: निषेधाच्या शेजारीच अतिरेक राहतो. प्रयोगशाळेत हेच १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी दाखवलं. त्यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी पोटात मिल्कशेक असल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत स्वतःला आवरत होत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर जास्त खाल्लं. नियम मोडला होता, आता राखायचं काय उरलं होतं? त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. अन्न पुन्हा मुबलक मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या काहींना पोट भरलं तरी थांबता येईना. ती माणसं आजारी नव्हती, लोभी नव्हती. उपासमारीने त्यांच्या खाण्याचा लगाम सैल केला होता.

गंमत वाटण्याजोगी नव्हे, तर विचार करण्याजोगी गोष्ट ही की याच मिल्कशेकची जुळी बहीण व्यसनाच्या अभ्यासातही सापडली. सिअ‍ॅटलचे अ‍ॅलन मार्लॅट दारू सोडलेल्या माणसांचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की ‘एक थेंबही नाही’ असा ज्याचा निर्धार असतो, त्याच्या हातून एक प्याला घडला की त्या प्याल्याहून जास्त नुकसान त्याला लावलेल्या अर्थाने होतं: ‘मी पुन्हा हरलो, माझ्यात दमच नाही’. त्यानंतरचे प्याले त्या वाक्यातून येतात. १९८५ मध्ये जूडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी घसरण रोखण्याच्या उपचारावर ग्रंथ लिहिला आणि तो व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पायाभूत ठरला. म्हणजे व्यसन एका बाजूला आणि बोधात्मक वर्तनोपचार दुसऱ्या बाजूला अशी रेघ ओढणंच अपुरं आहे. व्यसनाच्या उपचारांतही हे विचारसूत्र पूर्वीपासून आहे. खरी रेघ कायमच्या वर्ज्यतेच्या तत्त्वापाशी आहे: काही अन्नं आयुष्यभरासाठी सोडावीत की नाहीत.

आता मेंदूबद्दल. ‘साखर कोकेनसारखी आहे’ असं वाक्य वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा तरी येतं. त्यामागे प्रिन्स्टनमधले बार्ट होबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे उंदरांवरचे प्रयोग आहेत. रोज बारा तास उपाशी ठेवलेल्या आणि मग बारा तास खाद्याबरोबर गोड पाणी दिलेल्या उंदरांनी काही आठवड्यांत ते पाणी ढोसायला सुरुवात केली. अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन टोचल्यावर त्यांचे दात वाजू लागले, पंजे थरथरू लागले. अफू तुटल्यावर व्हावं तसं. २००२ मधल्या या निष्कर्षाने व्यसनवाद्यांना मोठं बळ मिळालं. पण त्या प्रयोगांमधला एक तपशील बातम्यांत सहसा येत नाही. ज्या उंदरांना गोड पाणी दिवसभर, हवं तेव्हा उपलब्ध होतं, त्यांच्यात हे वर्तन उभं राहिलं नाही. साखर दोन्हीकडे तीच होती. फरक उपासाच्या बारा तासांनी केला. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग शिकवतो तेव्हा दोन्ही घराण्यांच्या बाजूने तो वाचून दाखवायला सांगतो, आणि दोन्ही वाचनं जमतात. माझं स्वतःचं वाचन असं की तो साखरेपेक्षा अभाव आणि सुकाळाच्या आलटापालटीबद्दल जास्त सांगतो.

येल विद्यापीठात अ‍ॅशली गिअरहार्ट, विल्यम कॉर्बिन आणि केली ब्राउनेल यांनी २००९ मध्ये अन्नाच्या व्यसनाची एक प्रश्नावली तयार केली. अमली पदार्थांच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी ते अन्नाला लावले. बिंज ईटिंग डिसऑर्डर असलेल्या ८१ स्थूल रुग्णांना ती दिली तेव्हा सुमारे ५७ टक्के जण ‘व्यसनी’ ठरले. हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. निम्म्याहून जास्त, म्हणून व्यसनवादी तो पुढे करतात. पण उरलेल्या ४३ टक्क्यांना खा-खा आहे आणि व्यसन नाही, हेही तोच आकडा सांगतो. शिवाय ताबा सुटणं, प्रयत्न करूनही न थांबणं, त्रास होऊनही चालू ठेवणं हे प्रश्न दोन्ही निदानांत सारखेच आहेत. दोन आरशांत एकच चेहरा दिसला तर चेहरे दोन आहेत असं म्हणता येत नाही.

उपचारांच्या फळाबद्दल मात्र दोन पारडी समान नाहीत, आणि प्रस्तावनेच्या सौजन्यापायी ती समान दाखवणं मला योग्य वाटत नाही. बोधात्मक वर्तनोपचाराची परीक्षा यादृच्छिक चाचण्यांमध्ये चार दशकं होत आली आहे. उपचार पुरा करणाऱ्यांपैकी ढोबळमानाने निम्म्या माणसांची खा-खा थांबते, आणखी कित्येकांची कमी होते. टेरेन्स विल्सन, डेनिस विल्फ्ली, स्टुअर्ट अ‍ॅग्रस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या २०५ रुग्णांच्या चाचणीत फेअरबर्न यांच्या पुस्तकाच्या आधारे, मोजक्याच मार्गदर्शनासह केलेला स्वोपचार दोन वर्षांनंतरही वजन घटवण्याच्या नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा सरस ठरला. नातेसंबंधांवर भर देणारा आंतरव्यक्तिक उपचारही त्याच्या बरोबरीने टिकला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी पहिली पायरी म्हणून असाच मार्गदर्शित स्वोपचार सुचवला आणि तो पुरला नाही तर याच पद्धतीचे गट. ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमससारख्या बारा पायऱ्यांच्या गटांची अशा तोलाची परीक्षा फारशी झालेली नाही. सभासदांची नावंच नोंदवायची नसतात, जे सोडून जातात ते मोजले जात नाहीत, आणि जे राहतात त्यांची कहाणी आपल्यापर्यंत पोहोचते. त्या कहाण्या खऱ्या असतात. पण त्यांवरून शंभरातल्या किती जणांना गुण आला हे कळत नाही. औषधांचा विषय स्वतंत्र आहे. लिस्डेक्सअँफेटामिनला अमेरिकेत २०१५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, एवढी नोंद इथे पुरे.

तरीही पहिल्या घराण्याचं म्हणणं बाजूला सारून हे पुस्तक वाचू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकतर दुसऱ्या घराण्याची मांडणी जितकी नेटकी आहे तितका आजार नेटका नाही. बुलिमियात आधी डाएट आणि मग खा-खा हा क्रम बहुधा दिसतो. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये अनेकांची खा-खा आधी सुरू झालेली असते, कधी कधी शाळकरी वयात, आणि डाएट नंतर येतं. त्यांच्या बाबतीत ‘बंधनामुळे बंड’ हे स्पष्टीकरण पुरत नाही. देखरेखीखाली केलेल्या सौम्य आहारनियमनाने या रुग्णांची खा-खा वाढत नाही, निदान काही काळ कमीच होते, असंही दिसलं आहे. आणि निम्मे बरे होतात याचा अर्थ निम्मे होत नाहीत. त्यांच्याशी बोलताना सिद्धान्ताची प्रौढी कामाची नाही.

शिवाय अन्न खरोखर बदललं आहे. अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस माणसांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही ताटांतली साखर, चरबी, तंतू जुळवलेले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. तंबाखूच्या कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास जनरल फूड्स, नॅबिस्को आणि मग क्राफ्ट विकत घेतल्या, हाही इतिहास आहे. सगळा दोष खाणाऱ्याच्या विचारांत शोधणाऱ्या उपचाराला या बाजाराकडे बोट दाखवणारं कोणीतरी लागतं. ते काम आज व्यसनवादी मंडळी करत आहेत.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ‘व्यसन’ हा शब्द ऐकल्यावर अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. संस्कृतात व्यसन म्हणजे वाईट नाद, आणि व्यसन म्हणजे संकट, आपत्तीसुद्धा. मराठीत आपण पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा हरवला. ज्या बाईला वीस वर्षं ‘तोंडावर ताबा नाही’ असं ऐकवलं गेलं, तिला कोणी सांगितलं की ही आपत्ती आहे, तुझा अवगुण नाही, तर तिचे खांदे खाली येतात. बारा पायऱ्यांच्या गटात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यासमोर मोठ्याने सांगतं की मीही धुतलेला डबा जागेवर ठेवून दिला आहे. वहीतल्या रकान्यांना हे जमत नाही. उत्तम समुपदेशक वही देण्याआधी हे काम करतो. पद्धतीच्या पुस्तकात मात्र त्याला एखादा परिच्छेदच मिळतो.

मराठी वाचकासाठी ही दोन्ही घराणी परकी नाहीत. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि व्यसन हा आजार आहे हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी नेलं. दुसरीकडे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत इतकी मुरवली की ‘अविवेकी समजूत’ हा शब्द शिक्षकांच्या शिबिरातही ऐकू येतो. एलिस हे बेक यांच्याच वाटेवरचे, किंबहुना काही पावलं आधीचे. दोन्ही परंपरांची भाषा आपल्याकडे तयार आहे. ती खाण्याकडे वळवण्याचं काम अजून फारसं झालेलं नाही. खा-खा असलेला माणूस आपल्याकडे आधी डायटिशियनकडे जातो, मग जिममध्ये, मग मधुमेहाच्या डॉक्टरकडे. आणि ‘तुमचा हात कधी थांबेनासा होतो का?’ हा प्रश्न त्याला कुठेच विचारला जात नाही.

ही भाषा आपल्याकडे वळवताना काही गोष्टी जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. ऑक्सफर्डची वही असं गृहीत धरते की जेवणाची वेळ माणसाच्या स्वतःच्या हातात आहे. सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेली पोळी घेऊन बसणारी बाई ‘दर चार तासांनी खा’ हे कसं पाळणार? तिच्या बाबतीत नियमित खाणं हा तिच्या एकटीचा गृहपाठ नसतो, सबंध घराचं वेळापत्रक हलवावं लागतं. तेव्हा एखाद्या सत्राला सासूबाईंना किंवा नवऱ्याला बोलावणं हे उपचाराचंच अंग आहे. उपवासांचाही प्रश्न आहे. चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे पाळणारी लाखो माणसं आयुष्यभर काहीही त्रास न होता ते पाळतात, आणि श्रद्धेला आजार म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राला नाही. पण सोमवारचा उपवास शंकरासाठी आहे की रविवारी लग्नात खाल्लेल्या जिलब्यांची फेड आहे, हे हळुवारपणे विचारायला हवं. बहुतेकांना उत्तर माहीत असतं. कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आणि आग्रह. आपल्या समारंभांत एकाच ताटावर दोन वाक्यं एकाच माणसाला ऐकावी लागतात: ‘किती जाड झालीस गं’ आणि ‘अगं घे की अजून एक, माझी शपथ’. दोन्ही प्रेमानेच म्हटलेली असतात. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत हा आजार चांगला पोसला जातो, असं मी खात्रीने म्हणेन.

विद्यार्थी मला सरळ विचारतात की समोर रुग्ण बसला असेल तर सुरुवात कुठून करायची. मी सांगतो, बोधात्मक वर्तनोपचारापासून करा, कारण पुरावा तिथे आहे आणि त्याची पहिली पायरी कोणालाही इजा करत नाही. रुग्णाने गट शोधला असेल, तिथे त्याला माणसं भेटली असतील, तर तो तोडायला सांगू नका. मात्र त्याची वर्ज्य यादी वाढत चालली आहे का आणि यादी वाढते तशी खा-खाही वाढते का, हे त्याच्याच नोंदींमध्ये त्याच्याबरोबर बसून पाहा. एखादा पदार्थ काही महिने घरात न आणणं हा तात्पुरता कठडा असू शकतो. तो कठडा कोणासाठी कायमचा ठेवायचा, हे अनुभव सांगेल. ते पहिल्या भेटीत आपण ठरवू नये. ज्याला दारूचंही व्यसन आहे त्याच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट, कारण तिथे ‘एकही नाही’ हा नियम त्याचा जीव वाचवत असतो आणि तोच नियम त्याच्या ताटावर वेगळा परिणाम करत असू शकतो. दोन नियम दोन जागी ठेवायला त्याला मदत लागते.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. मेंदूचं प्रकरण अवघड वाटलं तर सोडून पुढे जावं आणि नंतर परत यावं. पण पहिलं प्रकरण वाचण्याआधी एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि सात दिवस स्वतःचं खाणं लिहा: काय, किती वाजता, कुठे, कोणासमोर. तुम्हाला काही त्रास नसला तरी लिहा. चौथ्या-पाचव्या दिवशी, लग्नाहून परतल्यावर किंवा रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडल्यावर, एखादी ओळ लिहू नये असं वाटेल. ती ओळ लिहा, आणि मग पान उलटा.